मूळ नसलेली प्रत : एका राज्याभिषेक-चित्राच्या निमित्ताने

१

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे एक चित्र आहे. लाकडी फळीवर तैलरंगात काढलेल्या या चित्रात राणी समोरासमोर पाहत आहे. तिच्या डोक्यावर मुकुट, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात राजगोल आहे. अंगावर जरीच्या कापडाची, अर्मिनच्या पांढऱ्या लोकरीचे अस्तर लावलेली राजवस्त्रे आहेत, आणि केस खांद्यांवर मोकळे सोडलेले आहेत. राज्याभिषेक १५ जानेवारी १५५९ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला, त्या वेळी राणी पंचवीस वर्षांची होती. चित्रातील स्त्रीही त्याच वयाची दिसते. चित्र मात्र त्या वयाचे नाही. लाकडाच्या वार्षिक वलयांवरून फळ्यांचा काळ ठरविण्यात आला, तेव्हा ते सुमारे १६०० सालचे असल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे हे चित्र रंगविले जात असताना राणी सदुसष्ट वर्षांच्या आसपास पोहोचली होती आणि तिच्या कारकिर्दीची अखेर जवळ आली होती. १५५९ च्या सुमारास काढलेल्या आणि पुढे नष्ट झालेल्या एका चित्राची ही हाताने रंगविलेली प्रत आहे, असे आता मानले जाते. प्रतकार अनाम आहे.

वस्तुस्थिती एवढीच आहे. परंतु तिच्यामुळे समीक्षेच्या काही स्थिरावलेल्या संज्ञा अडचणीत येतात. ‘मूळ’ आणि ‘प्रत’ यांचा संबंध आपण सामान्यतः मूल्यश्रेणीचा मानतो. मूळ श्रेष्ठ, प्रत दुय्यम. मूळ सर्जक, प्रत अनुकारी. व्यवहारात ‘नक्कल’ हा शब्द तर निंदेच्याच सुरात उच्चारला जातो. पण जिथे मूळच उरलेले नाही, तिथे ही श्रेणी कशाच्या आधारावर लावायची? जी प्रत आज मुळाच्या जागी उभी आहे, तिला दुय्यम म्हणताना कोणत्या प्रथमाच्या संदर्भात म्हणावयाचे? हा प्रश्न केवळ चित्रकलेचा नाही. ज्या भाषेची आद्य वाङ्मयसंपदा जवळजवळ संपूर्णपणे प्रतींच्या प्रतींमधूनच आपल्यापर्यंत आली आहे, त्या मराठीच्या अभ्यासकाला तो टाळता येण्यासारखा नाही.

२

प्रतिकृतीविषयीच्या आधुनिक चर्चेचा आरंभबिंदू म्हणून वॉल्टर बेंजामिनच्या यांत्रिक पुनर्निर्मितीवरील १९३६ च्या निबंधाचा उल्लेख होतो. कलाकृतीचे ‘येथे आणि आता’ असणे, तिच्याभोवतीचे तेजोवलय, यंत्राने काढलेल्या असंख्य प्रतींमुळे क्षीण होते, हे त्याचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. त्या मानाने एका गोष्टीकडे कमी लक्ष गेले आहे. हाताने केलेल्या प्रतिकृतीला बेंजामिन जवळजवळ एका वाक्यात निकालात काढतो. अशी प्रतिकृती बहुधा बनावट ठरते आणि तिच्यासमोर मुळाचा अधिकार अबाधित राहतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे त्याच्या मांडणीत दोनच कोटी शिल्लक राहतात : फसविणारी हस्तप्रत आणि तेजोवलय नाहीसे करणारी यंत्रप्रत.

एलिझाबेथचे चित्र या दोन्ही कोटींत बसत नाही. ते यंत्राने काढलेले नाही आणि ते कोणाला फसविण्यासाठीही काढलेले नाही. उलट, सोळाव्या शतकातील राजप्रतिमेचा व्यवहारच अशा प्रतींवर उभा होता. राणीच्या चित्रांसंबंधी १५६३ मध्ये एक जाहीरनामा तयार करण्यात आला होता. त्याच्या मसुद्याचा आशय असा, की एखाद्या निष्णात चित्रकाराने राणीचे मान्यताप्राप्त चित्र सिद्ध करावे आणि इतरांनी त्याच्यावरून प्रती काढाव्यात. तोपर्यंत कोणी स्वतंत्रपणे राणीला चितारू नये. या मसुद्यात ‘मूळ’ चित्राची कल्पना एकमेव कलाकृती म्हणून केलेली नाही, तर नमुना म्हणून केलेली आहे. प्रती निघाव्यात हाच त्याच्या अस्तित्वाचा हेतू. व्यवहारातही तसेच घडले. ‘डार्नली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १५७५ च्या सुमाराच्या चित्रातील चेहऱ्याचा आराखडा पुढे दीर्घकाळ वेगवेगळ्या चित्रांत वापरला गेला. रेषांवर बारीक छिद्रे पाडायची, त्यांतून कोळशाची पूड झटकायची आणि फळीवर उमटलेल्या ठिपक्यांवरून चेहरा पुन्हा उभा करायचा, ही त्या काळच्या चित्रशाळांची परिचित रीत होती. १५९६ मध्ये राणीच्या सल्लागार मंडळाने अशोभनीय चित्रे शोधून ती नष्ट करण्याचा आदेश दिला, तोही याच व्यवहाराचा दुसरा भाग होय. दोष चित्र ‘प्रत’ असण्यात नव्हता, ते मान्य नमुन्याबाहेरचे असण्यात होता.

राजप्रतिमा ही तिच्या स्वभावानेच अनेकवचनी असते, असे यावरून म्हणता येईल. राजा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. त्याची सत्ता सर्वत्र असावी लागते. त्या दोहोंमधील अंतर प्रतिमेने भरून काढायचे असते. अठराव्या शतकात ॲलन रॅम्झीने तिसऱ्या जॉर्जचे राज्याभिषेकाच्या वस्त्रांतील चित्र काढले, तेव्हा राजदूत, गव्हर्नर आणि नातेवाईक राजघराण्यांना पाठविण्यासाठी त्याच्या चित्रशाळेला शंभराहून अधिक प्रती पुरवाव्या लागल्या. त्यांपैकी बऱ्याच ज्याच्या हातच्या आहेत तो फिलिप राइनेगल पुढे व्यक्तिचित्रणालाच विटला आणि प्राण्यांच्या चित्रणाकडे वळला, असे सांगितले जाते. याउलट उदाहरण इयासांत रिगोच्या १७०१ च्या चौदाव्या लुईच्या चित्राचे. ते स्पेनचा राजा झालेल्या नातवाला पाठविण्यासाठी काढविले होते. परंतु लुईला ते इतके आवडले की त्याने ते स्वतःजवळच ठेवले आणि प्रत काढण्याचा हुकूम दिला. विशेष असे, की लुईचा राज्याभिषेक १६५४ मध्ये झाला होता. त्रेसष्ट वर्षांचा राजा येथे जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वीच्या समारंभाची वस्त्रे धारण करून उभा आहे. म्हणजे ‘मूळ’ म्हणविले जाणारे चित्रही एका हरवलेल्या क्षणाची प्रतिकृतीच आहे.

३

मग मूळ असे काही नसतेच का? गेल्या काही दशकांतील सिद्धांतव्यवहाराला हा निष्कर्ष मोहक वाटत आला आहे. बॉद्रियारने १९८१ मध्ये मांडलेली, मुळाविना असणाऱ्या प्रतिमेची संकल्पना अशा ठिकाणी हाताशी असतेच. सर्वच प्रती, सर्वच पाठ, सर्वच प्रतिमा. त्यांच्यामागे काही शोधणे हा केवळ भाबडेपणा, असे म्हणून मोकळे होता येते. प्रस्तुत चित्राचा अभ्यास मात्र ही सुटका सहजासहजी मिळू देत नाही.

वेशभूषेच्या इतिहासकार जॅनेट आर्नल्ड यांनी १९७८ मध्ये या चित्रातील वस्त्रांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. राणीच्या वस्त्रभांडाराची जी यादी १६०० साली करण्यात आली, तिच्यात राज्याभिषेकाच्या वस्त्रांचे वर्णन आहे. सोन्याचांदीच्या तारांनी विणलेले कापड, अर्मिनचे अस्तर, झगा आणि त्यावरील प्रावरण यांचे हे वर्णन चित्राशी जुळते. ही वस्त्रे मुळात एलिझाबेथसाठी शिवलेलीही नव्हती. तिच्यापूर्वी गादीवर असलेली तिची सावत्र बहीण मेरी हिच्यासाठी ती तयार झाली होती. एलिझाबेथसाठी कंचुकी आणि बाह्या नव्याने करून ती पुन्हा वापरली गेली. एका राणीच्या वस्त्रांतून दुसरी राणी सिद्ध होते. त्या दोघींचे धर्मपंथ परस्परविरोधी होते आणि एकीच्या राज्यात दुसरीला कारावास भोगावा लागला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या शिवणकामाचा अर्थ अधिक गडद होतो. राजवस्त्रही येथे एक प्रकारची ‘प्रत’ आहे. देह बदलतो, संहिता चालू राहते.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावा लागेल. वस्त्रे १६०० पर्यंत भांडारात होती, तर प्रतकाराने ती प्रत्यक्ष पाहून चित्र नव्याने रचले नसेल कशावरून? वस्त्रांच्या तपशिलातील अचूकता एकट्याने हा आक्षेप दूर करू शकत नाही. निर्णायक ठरते ती चित्राची मांडणी. देहाचे ताठ, सरळ समोरचे दर्शन, आकृतीचे सपाट आणि शिक्क्यावरील प्रतिमेसारखे बंदिस्त रूप यांतून शतकाच्या मध्यावरील दृष्टी व्यक्त होते. १६०० च्या सुमारास राणीच्या चित्रांत रूपकांची, फुगीर बाह्यांची, जाळीदार गळपट्ट्यांची जी रेलचेल होती, तिचा येथे मागमूस नाही. प्रतकाराने आपल्या काळाची शैली बाजूला ठेवली. ही बाजूला ठेवण्याची कृतीच मुळाच्या अस्तित्वाची साक्ष देते. जे कधी नव्हतेच त्याच्यासाठी कोणी आपली सवय मोडत नाही.

‘साक्ष’ हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. प्रतीचा विचार ‘अनुकरण’ या कोटीऐवजी ‘साक्ष’ या कोटीत करणे अधिक फलदायी ठरेल. भारतीय प्रमाणविचारात शब्दाला प्रमाण मानले आहे ते आप्ताच्या, म्हणजे विश्वसनीय वक्त्याच्या, आधारावर. जी गोष्ट आपण प्रत्यक्ष पाहिलेली नाही आणि पाहू शकत नाही, तिचे ज्ञान साक्षीदाराकडूनच होते. परंतु साक्षीदार म्हणजे आरसा नव्हे. त्याला स्वतःचे स्थान, काळ आणि प्रयोजन असते, आणि त्याची उलटतपासणी करता येते. वस्त्रांच्या बाबतीत ही प्रत यादीच्या स्वतंत्र पुराव्यावर उतरते. चेहऱ्यासाठी अशी कोणतीही यादी नसते. तिथे तिचा शब्द अधिक सावधपणे घ्यावा लागतो. एकच साक्षीदार एका बाबतीत आप्त आणि दुसऱ्या बाबतीत संशयास्पद असू शकतो. मूळवादी आणि मूळनिषेधक या दोघांच्याही दृष्टीतून नेमका हाच विवेक निसटतो.

४

प्रत साक्षीदार आहे असे म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो तो तिच्या काळाचा. ही साक्ष १६०० मध्ये का दिली गेली?

चित्रातील मोकळ्या केसांचे उदाहरण घेता येईल. राज्याभिषेकाच्या वेळी राणीने केस मोकळे सोडणे हा संकेत होता आणि तो कौमार्याचे चिन्ह मानला जाई. १५५९ च्या आरंभी या चिन्हाचा रोख भविष्याकडे होता. राणी अविवाहित आहे, म्हणून ती विवाह करील, वारस देईल. त्याच वर्षी संसदेने तिला विवाहाची विनंती केली होती. १६०० मध्ये तेच केस, त्याच वळणाने रंगविलेले, अगदी वेगळे काही सांगतात. विवाह झाला नाही, वारस नाही, वारसाविषयी उघड बोलणेही धोक्याचे झाले आहे. जे कौमार्य एके काळी वाटेवरचा टप्पा होते, ते आता राज्याचे अंतिम सत्य आणि राणीच्या पूजेचे अधिष्ठान बनले आहे. रेषा तीच, अर्थ उलटलेला. बोर्हेसने १९३९ च्या एका कथेत ‘दोन किहोते’ शब्दशः नव्याने लिहू पाहणारा प्येर मेनार कल्पिला. त्या कल्पनेत जे विनोदाच्या अंगाने येते ते येथे इतिहासात घडलेले आहे. प्रत जितकी निष्ठावंत, तितका तिचा अर्थ मुळापासून दूर गेलेला, असा हा विरोधाभास आहे. कारण चिन्ह तेच राहिल्यामुळेच बदललेला संदर्भ स्पष्ट दिसतो.

शिवाय हे लक्षात घेतले पाहिजे, की या काळात राणीच्या अधिकृत चित्रांत तिचे वय थांबविलेले होते. वृद्ध चेहरा रंगविला जात नव्हता. तारुण्याचा एक मुखवटा चित्रातून चित्रात फिरत होता. राज्याभिषेक-चित्राची प्रत या मुखवट्याहून वेगळ्या जातीची आहे. मुखवटा म्हणतो, राणी अजून तरुण आहे. प्रत म्हणते, राणी एके काळी तरुण होती, आणि त्या दिवशी तिला अभिषेक झाला होता. पहिले विधान असत्य आहे. दुसरे सत्य आहे. अखेरीकडे झुकलेल्या राजवटीला आपला आरंभ पुन्हा पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण तो आरंभ आरंभ म्हणूनच, भूतकाळ म्हणूनच, पाहण्यात एक प्रामाणिकपणाही आहे. नवनिर्मितीला जे साधत नव्हते ते प्रतीला साधले.

५

साहित्याच्या अभ्यासात या चर्चेचे उपयोजन करताना नेल्सन गुडमनने १९६८ मध्ये केलेला एक भेद आड येतो, असे वाटण्याचा संभव आहे. चित्र ही कर्त्याच्या हाताशी बांधलेली कला आहे. तिची प्रत कितीही हुबेहूब असली तरी ती मूळ कृती नव्हे. साहित्यकृती मात्र अक्षरक्रमाने निश्चित होते. अक्षरे बरोबर असली की कोणतीही प्रत ही तीच कृती असते. मुद्रित पुस्तकाच्या युगात हा भेद निरपवाद भासतो. पण ‘अक्षरे बरोबर असली की’ या अटीतच सगळी मेख आहे. कशाशी ताडून बरोबर? ताडून पाहायचे मूळच जिथे हरवले आहे, तिथे साहित्यकृतीची प्रतही चित्राच्या प्रतीइतकीच हाताला, काळाला आणि प्रयोजनाला बांधली जाते.

‘ज्ञानेश्वरी’ची रचना शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० ची. तिची मूळ प्रत उपलब्ध नाही. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, इंग्लंडात हे चित्र रंगविले जाण्याच्या साधारण सोळा वर्षे आधी, पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, असा इशाराही दिला. पुढील परंपरेने ‘ज्ञानेश्वरी’ म्हणून जी वाचली ती बहुतांशी या शोधनातून आलेली. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा निर्माण झालेल्या वादाचा गाभा हाच होता की मुळाच्या अधिक जवळचे कोण. तो प्रश्न अनाठायी नव्हता. भाषेच्या इतिहासासाठी तो अटळच आहे. पण त्याच्या प्रभावाखाली दुसरा, तितकाच महत्त्वाचा प्रश्न मागे पडत गेला : सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाठशुद्धीची गरज का भासली, आणि त्या शुद्धीतून त्या शतकाने ज्ञानेश्वरांना कसे वाचले? एकनाथांची प्रत केवळ ज्ञानेश्वरांपर्यंत पोहोचण्याची पायरी नाही; ती ज्ञानेश्वरांविषयीची एक घडीव साक्ष आहे. मूळ जपण्याची ही असोशी आणि त्या इंग्रज प्रतकाराने आपली शैली बाजूला ठेवणे, या दोन्ही कृतींमागील वृत्ती सारखीच आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती या बाबतीत मार्गदर्शक आहे. वि. सी. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत, सिद्ध केलेला पाठ हा व्यासांचा मूळ पाठ नव्हे, तर उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन मिळालेला पाठ होय, अशी भूमिका घेतली. तसेच वगळलेला मजकूर त्यांनी फेकून दिला नाही. तळटिपांत आणि परिशिष्टांत त्याला जागा दिली. मुळाचा शोध आणि प्रतींचा आदर एकाच पानावर नांदू शकतात, याचे हे उत्तम प्रात्यक्षिक आहे. आपल्याकडील संतवाङ्मयाच्या अनेक आवृत्त्यांत मात्र ‘प्रक्षिप्त’ हा शिक्का मारला की चर्चा संपते. प्रक्षेप कोणी केला, केव्हा, कोणत्या गरजेपोटी, आणि तो वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांनी शतकानुशतके स्वीकारला तो का, हे प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या कक्षेतच येत नाहीत. वास्तविक जे चूक आहे तेही साक्ष देतच असते. फक्त ती मुळाविषयी नसून प्रतकाराच्या काळाविषयी असते.

६

याचा अर्थ प्रत्येक प्रतीला समान मोल द्यावे असा होत नाही. राइनेगलच्या हातून निघालेल्या जोड-चित्रांची रांग आणि एलिझाबेथचे हे चित्र यांत फरक आहेच. तो कौशल्याचा किंवा संख्येचा नव्हे; नात्याचा आहे. रॅम्झीचे मूळ चित्र जिवंत असताना आणि राजाही जिवंत असताना निघालेल्या प्रतींना काही आठवावयाचे नव्हते. त्यांचे काम पोहोचण्याचे होते. एलिझाबेथच्या प्रतीला चार दशकांचे अंतर ओलांडायचे होते. झाक-लुई दाविदच्या नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या चित्राचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये येते. १८०४ च्या समारंभाचे ते प्रचंड चित्र १८०७ मध्ये पूर्ण झाले. समारंभाला हजर नसलेली सम्राटाची आईही त्यात मध्यभागी बसविली आहे. दुसरी प्रत दाविदने स्वतःच १८०८ मध्ये सुरू केली आणि ती १८२२ मध्ये, हद्दपारीत ब्रुसेल्सला, पूर्ण केली. तोवर साम्राज्य लयाला गेले होते आणि सम्राटही मरण पावला होता. चित्रकार तोच, दृश्य तेच. सम्राटाच्या एका बहिणीचा पोशाख मात्र पांढऱ्याऐवजी गुलाबी झालेला. पहिले चित्र सत्तेच्या सेवेतले होते. दुसरे पूर्ण होईपर्यंत ती सत्ता उरलीच नव्हती. प्रत सुरू करताना जी पोहोचविण्यासाठी होती, ती संपताना आठवणीसाठी झाली.

तेव्हा प्रतीचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवणे आवश्यक आहे. ती मुळाविषयी काय सांगते आणि ते स्वतंत्र पुराव्यावर कितपत उतरते? ती स्वतःच्या काळाविषयी काय सांगते? आणि या दोन काळांतील अंतर तिने लपविले आहे की राखले आहे? पहिला प्रश्न पाठचिकित्सेचा, दुसरा वाङ्मयेतिहासाचा आणि तिसरा समीक्षेचा. आपल्याकडे पहिल्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली, दुसरा अधूनमधून विचारला गेला आणि तिसरा जवळजवळ विचारलाच गेला नाही. प्रतकारांची, लेखकूंची, मौखिक परंपरेतील कीर्तनकारांची आणि भाषांतरकारांचीही कामगिरी आपण ज्या उदासीनतेने पाहतो, तिचे मूळ बहुधा येथेच असावे.

लंडनमधील चित्राखाली चित्रकाराचे नाव नाही. ज्याचे चित्र त्याने उतरविले त्या चित्रकाराची ओळखही निर्विवाद ठरलेली नाही. चित्रातील राणी गेली, तिचे घराणे तिच्याबरोबर संपले, आणि मूळ फळीही नाहीशी झाली. त्या दिवशीचे ते दर्शन आज या आकारात आणि या रंगांत पाहता येते, ते एका निनावी हाताने ते पुन्हा काढण्याचे कष्ट घेतले म्हणून. त्या हाताला ‘केवळ प्रतकार’ म्हणणाऱ्याने, आपल्या वाङ्मयातील किती ग्रंथ अशाच हातांतून आपल्यापर्यंत आले आहेत, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.